घाम वाळत नाही तेव्हा



हवामान बदलत आहे हे आता कोणी नव्याने सांगावयास नको. हिमनद्या वितळतात, समुद्र चढतो, हे आपण वाचतो आणि वर्तमानपत्र मिटून पंखा लावतो. आज आम्ही तुम्हांला हिमालयात नेणार नाही. काखेत, मांडीच्या सांध्यात, कमरेच्या नाडीखाली जे घडते तेवढ्यापुरतेच बोलणार आहोत. विषय संकोचाचा खरा. पण संकोचानेच तो वाढला आहे.

घाम आला की अंग गार होते असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे. अंग गार होते ते घाम वाळल्याने. माठाचे पाणी गार होते तेही बाहेर पाझरलेले पाणी उडून जाते म्हणूनच. माणसाच्या कातडीवर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. एक ग्रॅम घाम उडाला की अर्ध्या किलोकॅलरीहून अधिक उष्णता तो घेऊन जातो. पण पावसाळ्यात माठ गार होत नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल. हवाच ओली, तर पाणी जाणार कोठे? आणि हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्यातही दिवसापेक्षा रात्रीचे तापमान सरासरीच्या अधिक वर गेले. रात्र ही कातडीची विश्रांती. तीच हरवू लागली आहे.

न वाळलेल्या घामाने कातडीचा वरचा थर फुगतो, घर्मनलिकेचे तोंड बुजते, घाम आतच फुटतो. हेच घामोळे. पोरांचे घामोळे चार दिवसांत जाते. पण ओल्या घडीत बुरशी रुजली, की नायटा किंवा गजकर्ण होते, आणि ते पाहुण्यासारखे परत जात नाही.

सगळा दोष हवेच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. खाज सुटली की आपण दुकानातून मलमाची नळी आणतो. पुष्कळ नळ्यांत स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली व खाज ओसरते, आपण खूश. आत बुरशीला मोकळे रान मिळते. २०१८ साली सरकारने अशा मलमांना चिठ्ठीचे बंधन घातले. तरी शेजाऱ्याची नळी मागून आणण्यास चिठ्ठी लागत नाही! २०२० साली जपानमधील संशोधकांनी एका नेपाळी व एका भारतीय रुग्णाच्या बुरशीला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. नेहमीच्या टर्बिनाफिन औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. देशाचे नाव असेही होते.

म्हणून आम्ही रुग्णांना सांगतो : औषध खाज थांबल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या, घरातील बाधितांनी एकदमच घ्या, पंचे वेगळे ठेवा, कपडे उन्हात वाळवा.

मागे एका बाईंना हेच सांगितले. पत्र्याची खोली, पाच माणसे, घरातच स्वयंपाक. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पंचा दुसरा आणीन. ऊन कुठून आणू? दोरी खोलीतच आहे."

आम्ही चिठ्ठीवर मलमाचे नाव लिहिले होते. त्याखाली काय लिहावे, ते आम्हांला सुचले नाही.