कोर्टात पडून राहिलेला आपला कागद

(तालुक्याच्या गावी भरलेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सल्ला केंद्रात बाई आली की आपण विचारतो, "नवऱ्यानं टाकलंय, की घटस्फोट झालाय?" बऱ्याच जणींना उत्तर देता येत नाही. आपल्याला वाटतं बाई गोंधळलीय. पण तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

मराठवाड्यातली एक बाई आमच्याकडे आली होती. आठ वर्षं माहेरी. संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कचेरीत गेली, तर घटस्फोटाचा कागद आणा म्हणाले. तिनं सासरी निरोप धाडला. दिरानं उलट निरोप दिला, "कोर्टातनं कवाच झालंय." ज्या वर्षी झालं म्हणतात त्या हंगामात ही भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला कोल्हापूरकडे होती. चार-पाच महिने फडात. तिला समन्स मिळालं कुठे आणि घेतलं कुणी?

ते शोधायला आम्ही कोर्टाची पायरी चढलो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. स्टँपपेपरवर नोटरीपुढे सही-अंगठा घेऊन जी 'सोडचिठ्ठी' करतात, तिची कोर्टात फाईल नसते, आणि तिनं हिंदू विवाह मोडत नाही. जातीत काडीमोडीची जुनी रूढी असेल तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९नं ती राखली आहे. पण तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. नुसतं 'आमच्यात चालतं' म्हणून भागत नाही. बौद्ध भगिनींनाही हाच कायदा लागू आहे. मुस्लिम भगिनीनं १९३९च्या कायद्याखाली स्वतः कोर्टातून विवाह रद्द करून घेतला असेल, तर तिचाही हुकूमनामा कोर्टात असतो आणि नक्कल अशीच मिळते.

आता फाईल कुठल्या कोर्टात शोधायची? मोठ्या शहरात कुटुंब न्यायालय असतं. आपल्यासारख्या भागात हे अर्ज बहुधा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात चालतात, आणि ते कोर्ट प्रत्येक तालुक्याला नसतं. लग्न कुठं लागलं, दोघं शेवटी एकत्र कुठं राहिली, अर्ज केला तेव्हा बाई कुठं राहत होती, यावरून कोर्ट ठरतं. ही तीन गावं कागदावर लिहा, त्यांची कोर्टं विचारून घ्या. आमच्या बाईच्या बाबतीत लग्न एका तालुक्यात, नांदणं दुसऱ्या तालुक्यात. आम्ही आधी चुकीच्या कोर्टात दोन खेपा घातल्या. एसटीचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी तिची गेली.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव आणि वर्ष घालून शोधता येतं. पण इंग्रजी स्पेलिंगचा घोळ फार. एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. बाईचं नाव माहेरचं घालून पाहा, सासरचं घालून पाहा, आणि नवऱ्याचं तर पाहाच, कारण अर्जदार तो असतो. एक वर्ष मागे, एक वर्ष पुढे बघा. तिथं नाही सापडलं म्हणजे खटला झालाच नाही, असं समजू नका. जुनी प्रकरणं संगणकावर असतीलच असं नाही. मग कोर्टातल्या नोंदवहीतून क्रमांक काढून मागावा लागतो.

क्रमांक मिळाला की नक्कलेचा अर्ज. प्रकरणाचा क्रमांक, दोघांची नावं, निकालाची तारीख, कोणकोणते कागद हवेत ते लिहायचं, कोर्ट फीचा स्टँप लावायचा आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. फाईल जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गेली असेल तर वेळ लागतो. कुणी सुचवेल की माहितीच्या अधिकारात मागा. तो रस्ता इथं नाही. न्यायालयीन कागदांच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच मागाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये सांगितलं आहे.

एक कलम मात्र पाठ करून ठेवा. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३, पोटकलम ४. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची, असं कायदाच म्हणतो. दोन्ही पक्षांना! म्हणजे बाईची प्रत तिच्या हक्काची आहे. खिडकीवर 'तुमचा काय संबंध' असं कुणी विचारलं तर हे सांगा. मी सामनेवाली आहे, माझंच नाव आहे त्यात.

आमची चूक झाली ती पुढे. आम्ही आधी फक्त हुकूमनामा मागितला. एक पान. विवाह विच्छेदित करण्यात येत आहे, एवढंच. कसा झाला, काय सांगून झाला, ते त्यात नाही. म्हणून पहिल्याच अर्जात सगळं मागा: नवऱ्याचा मूळ अर्ज, निकालपत्र, रोजनामा आणि समन्सवरचा बेलिफाचा अहवाल. हा अहवाल सर्वांत महत्त्वाचा. दुसऱ्या अर्जानं तो हाती आला. बाईचा पत्ता सासरच्या घरचा दिलेला! जिथून तिला चार वर्षांपूर्वी काढलं, तिथं समन्स गेलं. घेतलं जावेनं. घरात बरोबर राहणाऱ्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं, पण ही बाई तिथं राहतच नव्हती. मग रोजनाम्यात ओळ पडली, 'सामनेवाली गैरहजर, एकतर्फी चालवावे.'

असा एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो. समन्स नीट बजावलं नसेल तर मुदत हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवसांची. नक्कल हातात पडल्यापासून नव्हे! त्यामुळे कळलं त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि नक्कलेची वाट न पाहता वकील गाठा. उशीर झालाच असेल तर कारण देऊन माफी मागता येते. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा; १९८७च्या कायद्यानं स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

पण रद्द करायचंच का, हे बाईनं ठरवायचं. इथं आपण कार्यकर्त्या फार घाई करतो. काहींना तो हुकूमनामा हवाच असतो. निराधारसाठी, दुसऱ्या लग्नासाठी, किंवा एकदाचं सुटल्याच्या समाधानासाठी. तो ठेवूनही कलम २५खाली त्याच कोर्टात पोटगी मागता येते, निकालानंतरही. पुन्हा लग्न न केलेल्या घटस्फोटितेला फौजदारी कोर्टातही पोटगी मागता येते. पूर्वीचं कलम १२५, आता नव्या संहितेचं १४४.

आम्ही या बाईला निकालपत्र वाचून दाखवलं. पोटगीचं सांगितलं, निराधारचं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्यो नकोच हाय मला. पण म्या कारण नसताना घर सोडलं असं लिवलंय ना तिथं? ते खोडायचंय." आम्ही तिला समजावायला गेलो की त्यात पाच-सात वर्षं जातील, हाती काही लागणार नाही. ती म्हणाली, माझी पोरगी शाळेत जाते, उद्या वाचंल. अर्ज दाखल केला आहे. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे.

नक्कल अर्जाचे कोरे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणाच्या सुट्टीआधी प्रत्येकीनं एक उचला, आणि आपल्या गावातल्या ज्या बाईचं प्रकरण असं अर्धवट माहीत आहे तिच्यासाठी भरून पाहा. क्रमांकाची जागा रिकामी राहिली तरी चालेल. गावं आणि वर्षं लिहा. दुपारी एकेक अर्ज घेऊन बसू.