भिलाईची थोरली बहीण
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



युरोपला जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. आयफेल टॉवर पाहिलात का, आणि जेवणाचे हाल झाले का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. आम्ही गेलो होतो पोलंडला. मुलगी तिथे क्राको शहरात संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही दोघं पंधरा दिवस तिच्याकडे राहिलो. सहल कंपनीची बस नाही, झेंडा घेतलेला मार्गदर्शक नाही, त्यामुळे सकाळी साडेसहाला उठवणारंही कोणी नाही.

सौभाग्यवतींचं माहेर कोल्हापूरचं. तिला पोलंडचं अप्रूप लहानपणापासून. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकललेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांतली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. ती गेली आणि त्याच जागेवर फाळणीतले सिंधी निर्वासित आले. तेच आजचं गांधीनगर. वॉर्सामध्ये या छावणीचं स्मारक आहे. परक्या देशात दगडावर 'कोल्हापूर' वाचलं आणि आमच्या घरचं माणूस तिथून हलेना.

वॉर्साचं जुनं शहर पाहताना मात्र एक गोष्ट आधी ठाऊक हवी. दिसायला ते तीनचारशे वर्षांचं, प्रत्यक्षात आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या वयाचं. १९४४ चा उठाव ६३ दिवसांनी मोडल्यावर जर्मनांनी घरांमागून घरं जाळली, सुरुंग लावून उडवली. पोलिश लोकांनी ती पुन्हा उभी केली. आधार काय? अठराव्या शतकात बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने रंगवलेली शहराची चित्रं, आणि युद्धापूर्वी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काढून ठेवलेले नकाशे. १९८० साली युनेस्कोने या 'नव्या' जुन्या शहराला जागतिक वारशात घेतलं.

क्राको या विध्वंसातून वाचलं. मधला चौक दोनशे मीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद. दर तासाला चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते, चार दिशांना चार वेळा, आणि दर वेळी सूर मध्येच तुटतो. फार पूर्वी तार्तर हल्लेखोराचा बाण तुतारीवाल्याच्या गळ्यात घुसला, म्हणून तिथेच थांबायचं, अशी दंतकथा आहे. हल्ली हे काम अग्निशमन दलाची माणसं करतात.

जेवणाचं सांगतो. तिथे 'बार म्लेच्नी' म्हणजे दुधाचा बार असतो. 'बार' ऐकून सौभाग्यवती दारातच थबकली. आत स्वस्त साधं जेवण, आणि 'पिएरोगी', म्हणजे बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या. पोलिश भाषेला सगळे घाबरतात. मराठी माणसाने घाबरू नये. आपल्यासारखे त्यांच्याकडेही वेगवेगळे 'च' आहेत. साखर म्हणजे 'चुकेर', त्यातला च आपल्या 'चूल'मधला. चार म्हणजे 'च्तेरी', त्यातला च जवळजवळ आपल्या 'चार'मधलाच. दिल्लीच्या माणसाला पहिला जमणार नाही!

औश्वित्झलाही गेलो. अकरा लाख माणसं जिथे मारली त्या जागेबद्दल उत्सवाच्या मांडवात मी बोलणार नाही. ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी घरी यावं.

आपल्यातल्या दल्ली-राजहराच्या खाणकऱ्यांसाठी व्हिएलिच्काची मिठाची खाण. पहिल्या झटक्यात जवळजवळ पावणेचारशे पायऱ्या उतरायच्या. गुडघ्यांनी तक्रार केली, पण १०१ मीटर खोल एक अख्खं प्रार्थनामंदिर मिठात कोरलेलं आहे. जमीन मिठाची, भिंतीवरची शिल्पं मिठाची, झुंबरांचे लोलक मिठाचे. आणि कोरणारे खाणीतलेच कामगार. झालिपिए या खेड्यात तेच काम बायकांनी केलंय. धुराने काळवंडलेल्या भिंतींवर आधी चुन्याचे ठिपके दिले, मग त्यांची फुलं झाली, आणि आता घरं, विहिरी, कुत्र्याचं खुराडंसुद्धा फुलांनी रंगलेलं.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते. क्राकोच्या मध्यापासून ट्रामने गेलं की नोव्हा हुता लागतं. या नावाचा अर्थच 'नवा पोलाद कारखाना'. १९४९ साली सोव्हिएत मदतीने शेतजमिनीवर वसवायला घेतलं, १९५४ मध्ये पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली. आपली पहिली पेटली १९५९ मध्ये. म्हणजे भिलाईची ही थोरली बहीणच. रुंद रस्ते, दोन्हीकडे झाडं, आणि वस्तीचे सेक्टर! फक्त आपले एक, दोन, तीन आणि त्यांचे ए, बी, सी, डी. मी नकाशा न बघता फिरत होतो.

या आदर्श कामगारनगरीच्या आराखड्यात देवाला जागा नव्हती. आधी कबूल केलेल्या जागेवर लोकांनी क्रूस रोवला. १९६० मध्ये सरकार तो काढायला आलं तेव्हा दंगल झाली. शेवटी लोकांनी स्वतः राबून १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं चर्च बांधलं, बाहेरून नदीतले गोटे लावून. मैदानात बांबू रोवून आपण पहिला गणपती कसा बसवला ते आठवणाऱ्यांनी हे चर्च जरूर बघावं. लेनिनचा पुतळा १९८९ मध्ये हलवला, तो स्वीडनमधल्या एका करमणुकीच्या बागेत गेला. मधल्या चौकाला आता रोनाल्ड रेगनचं नाव आहे. काळाचा महिमा!

कारखाना पुढे मित्तल समूहाकडे गेला. २०२० साली तिथली ब्लास्ट फर्नेस कायमची बंद झाल्याचं जाहीर झालं. गाव छान आहे, बागा राखलेल्या आहेत. पण तेहतीस वर्षं फर्नेसवर काढलेल्या माझ्यासारख्याची नजर सवयीने आकाशात तो तांबूस उजेड शोधत राहते.

बागेत बाकावर एक आजोबा बसले होते. मुलीने दुभाष्याचं काम केलं. ते कास्ट हाउसवाले निघाले. मी 'अग्नी' म्हटलं, ते 'ओगिएन्य' म्हणाले आणि हसले. ती ओळख पुरेशी होती. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे किती फर्नेस, कोणती चालू? मी आठ नंबरच्या 'महामाये'चं सांगितलं, २०१८ ला पेटली म्हणून. मुलीने फोनवर टॅपिंगचा एक व्हिडिओ शोधून दिला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण पाहिला. मग फोन परत न देता मुलीला काहीतरी म्हणाले. मी विचारलं, काय म्हणतात?

ती म्हणाली, "बाबा, आवाज मोठा करून पुन्हा लाव म्हणताहेत."