गाणे कोणाचे, तबकडी कोणाची?



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. त्यांच्या रांगेत मला उभे केले आहे, ते विद्वत्तेसाठी खास नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि आपल्या नगरवाचनालयात. तीस वर्षे मी साखर कारखान्यातल्या आणि ऊसतोडीच्या कामगारांत काम करीत आलो आहे. आजच्या विषयाची पाटी वाचून एका स्नेह्यांनी मला सकाळी विचारले, "अहो, ऊस सोडून तुम्ही अमेरिकेच्या गाण्यात कधी शिरलात?"

त्याची हकीकत सांगतो. गेल्या दिवाळीनंतर एक पोरगा कचेरीत आला. आईबाप दोघेही फडावर, एका कोयत्याची जोडी. पोरगा मराठीत रॅप रचतो आणि म्हणतो. रॅप म्हणजे ठेक्यावर, यमके जुळवीत, भराभर म्हटलेले कवन. त्याचे कुठेसे ऐकून एका कंपनीने इंग्रजी करारपत्र पाठविले होते. "काका, सही करण्याआधी एकदा वाचून सांगा," म्हणाला. बावीस पाने होती. शब्दकोश शेजारी ठेवून मी ती बारा रात्री वाचली, आणि वाचता वाचता मला ती ओळखीची वाटू लागली. इंग्रजीतला तो 'अ‍ॅडव्हान्स' म्हणजे आपली उचल! मग हा करार आला कोठून, याचा माग काढीत मी गेलो. तो माग मला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वस्तीत घेऊन गेला, कारण ही कला आणि तिच्याभोवतीचा हा व्यवहार दोन्ही तिकडेच वाढले.

त्या लोकांची कथा महाराष्ट्राला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा ओळख जुनी आहे. आज तिचा एक नवा कागद वाचायचा आहे, इतकेच.

न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स म्हणून एक भाग आहे. मोठा हमरस्ता काढण्यासाठी तिथली हजारो कुटुंबे उठविली गेली. कारखाने गेले, रोजगार गेला. विम्याच्या पैशासाठी घरमालकांनी इमारती पेटवून दिल्याची प्रकरणे घडली. अशा वस्तीत, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक जलसा भरविला. शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, त्याला पैसे हवे होते. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. पुढे जग त्याला कूल हर्क म्हणून ओळखू लागले. त्याने दोन यंत्रांवर तबकड्या लावून गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा लांबवायची युक्ती काढली. त्या ठेक्यावर पोरे नाचू लागली, पुढे त्यावर कवने म्हणू लागली. हिप हॉप जन्मले ते असे. एक लहानशी गोष्ट ध्यानात ठेवा: त्या रात्रीचा गल्ला घरातच राहिला.

गल्ला घराबाहेर गेला तो गाणे तबकडीवर चढल्यावर. ही रीतही जुनीच होती. १९२० च्या दशकापासून अमेरिकेतल्या कंपन्या काळ्या गायकांच्या तबकड्या वेगळ्या यादीत घालून विकीत. बेसी स्मिथ ही त्या काळची थोर गायिका. तिच्या तबकड्या अफाट खपल्या, पण तिला मिळे ती दर बाजूमागे ठरलेली रक्कम. विक्रीवर हिस्सा नाही. १९३७ साली ती वारली. तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत नावाचा दगडही नव्हता. हॅरी पेस या काळ्या गृहस्थाने १९२१ साली 'ब्लॅक स्वान' ही आपल्या लोकांची कंपनी काढून पाहिली. तीन वर्षांत तिचा माल पॅरामाउंट या गोऱ्या कंपनीच्या हाती गेला. गाणारा काळा आणि तबकडीचा धनी गोरा, अशी ही वहिवाट हिप हॉपच्या जन्माआधी पन्नास वर्षे पडलेली होती.

आता मालकी म्हणजे नेमके काय, ते पाहू. या धंद्यात तीन गोष्टींची मालकी असते. एक, शब्द आणि चाल यांची. दुसरी, मूळ ध्वनिमुद्रणाची. त्याला 'मास्टर' म्हणतात. तिसरी, माल लोकांपर्यंत पोचविणाऱ्या वाटेची, म्हणजे रेडिओ, टेलिव्हिजन, दुकाने आणि आता फोनवरच्या सेवा. गरीब घरचा पोरगा येतो तेव्हा त्याच्यापाशी यांतले पहिले तेवढे असते, आणि तेही टिकेल याची खात्री नसते.

उचलीचा हिशेब मी आपल्या समजुतीसाठी मांडतो. समजा, कंपनीने गायकाला एक लाख डॉलर उचल दिली आणि विक्रीत त्याचा वाटा शेकडा १५ ठेवला. गाण्याने पाच लाख कमावले. गायकाचा वाटा झाला ७५ हजार. तो त्याच्या हाती येत नाही. तो उचलीत वळता होतो. म्हणजे कंपनीच्या तिजोरीत आले पाच लाख, गेले एक लाख, आणि वहीत गायकाच्या नावावर २५ हजार बाकी! त्यात मुद्रणाचा खर्च आणि चित्रफितीचा खर्चही बहुधा त्याच्याच नावे पडतो. ती बाकी पुढच्या तबकडीवर चढते. माझ्या वडिलांची बाकी अशीच एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाई. पण एका बाबतीत हा करार आमच्या मुकादमाच्याही पुढे गेला आहे. बाकी फिटली तरी मूळ मुद्रण कंपनीचेच राहते. घराचे सगळे हप्ते तुम्ही फेडायचे आणि घर मात्र सावकाराच्या नावावर!

आता कोणी म्हणेल, मालक काळा असता तर हे झाले नसते. मित्रहो, इथे मला प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. रॅपची पहिली गाजलेली तबकडी १९७९ साली 'शुगर हिल' या कंपनीने काढली. तिची चालक सिल्व्हिया रॉबिन्सन ही काळी बाई होती. त्या तबकडीतली बरीच कडवी ब्रॉन्क्समधल्या ग्रँडमास्टर कॅझ या पोराची होती, आणि त्याला ना नाव मिळाले ना दाम. उलट, १९८४ साली 'डेफ जॅम' ही कंपनी काढणाऱ्या दोघांत रिक रुबिन हा गोरा विद्यार्थी होता, आणि त्याला या गाण्याचे खरे वेड होते. तेव्हा एकेका माणसाचे कातडे पाहून हा प्रश्न सुटत नाही. मुकादम आपल्याच जातीचा असला म्हणून उचलीचा हिशेब बदलतो थोडाच?

पण म्हणून रंगाचा प्रश्नच नाही, असे म्हणणे ही त्याहून मोठी चूक होईल. काळ्या माणसाने काढलेली कंपनी पुन्हा पुन्हा गोऱ्या भांडवलाकडेच का जाते? कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याला जमीन नव्हती, बँकेचे कर्ज नव्हते, वाईट वर्ष निभावून नेण्याइतकी शिल्लक नव्हती. डेफ जॅम १९९९ पर्यंत संपूर्णपणे युनिव्हर्सल या बलाढ्य कंपनीत गेली. रॉबर्ट जॉन्सन या काळ्या उद्योजकाने उभारलेली बीईटी ही टेलिव्हिजन वाहिनी २००० साली व्हायकॉमने सुमारे तीन अब्ज डॉलरांना घ्यायचे ठरविले. १९९६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून एका मालकाकडे देशभर किती रेडिओ केंद्रे असावीत यावरची मर्यादा उठविली. तोवर ती ४० होती. काही वर्षांत क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे हजारावर केंद्रे जमा झाली. आज गाण्याच्या धंद्याचा मोठा भाग युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तिघांकडे आहे. सोनीचे मूळ घर जपानात, युनिव्हर्सलचे शेअर अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजारात. पूर्वी निदान मालकाचे तोंड दिसे. आता ते भागभांडवलाच्या पडद्याआड गेले आहे.

याचा वस्तीवर काय परिणाम झाला? पहिला परिणाम पैशाचा. जी वस्ती गाणे देते, तिच्यात त्या गाण्याची कमाई मुरत नाही. कूल हर्क २०११ साली मुतखड्याने आजारी पडला, तेव्हा त्याचा आरोग्यविमा नव्हता. मदतीसाठी चाहत्यांना आवाहन करावे लागले. आणि सेजविक अ‍ॅव्हेन्यूची ती इमारत? २००७ साली तिच्या मालकाला ती स्वस्त भाड्याच्या योजनेतून काढून घ्यायची होती. ज्या घरात जगभरच्या अब्जावधी डॉलरांच्या धंद्याचा उगम झाला, त्या घरचे भाडेकरू भाडे परवडावे म्हणून लढत होते, आणि हर्क त्यांच्या बाजूने उभा होता.

दुसरा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. माणसाचे चित्र कोणी रंगवायचे, हा तो प्रश्न आहे. १९९१ साली तबकड्यांची विक्री दुकानातल्या यंत्रावर मोजू लागले, तेव्हा एन.डब्ल्यू.ए. या लॉस एंजेलिसच्या मंडळींची अतिशय जहाल तबकडी थोड्याच दिवसांत पहिल्या क्रमांकावर गेली. या गाण्याला उपनगरांतल्या गोऱ्या तरुणांचे मोठे गिऱ्हाईक आहे, हे धंद्याला आकड्यांत दिसले. वस्तीत हिंसा होती, पोलिसांची दांडगाई होती, आणि ती गाण्यात आली यात गायकांचा दोष नाही. तीच मंडळी भाकरीची, आईची, शाळेची, अन्यायाची गाणीही म्हणत होती. पण कोणत्या गाण्यावर जाहिरातीचा पैसा लावायचा, कोणते दिवसातून दहा वेळा रेडिओवर वाजवायचे, हे धनी ठरवितो. आणि धनी एकच विचारतो: मागच्या खेपेस काय खपले? बंदूक आणि दागिने खपले, की पुन्हा तेच मागवा. मग जगाला वाटते, काळा तरुण म्हणजे हाच. काही काळाने त्या तरुणालाही तसेच वाटू लागते.

याहून कठोर गोष्ट पुढे आहे. रॅपमधले शब्द सरकारी वकिलांनी अनेक खटल्यांत काळ्या तरुणांविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टापुढे ठेवले. २०२२ साली कॅलिफोर्नियात या प्रकाराला आळा घालणारा कायदा करावा लागला. जरा विचार करा. त्याच ओळीवर कंपनीने नफा घेतला आणि त्याच ओळीसाठी गाणारा पिंजऱ्यात उभा राहिला. नफा घेणाऱ्याला कोर्टाने कधी विचारले का, की हे शब्द तुम्ही का विकलेत?

पण रडगाणे गाण्यासाठी मी आलेलो नाही. ते आमच्या धंद्यात बसत नाही. रूथ ब्राउन नावाच्या गायिकेने १९५० च्या सुमारास अ‍ॅटलांटिक कंपनीला वर आणले, आणि पुढे तिच्यावर घरकाम करण्याची आणि शाळेची बस चालविण्याची पाळी आली. ती बाई वकील घेऊन वर्षानुवर्षे हिशेब मागत राहिली. १९८८ साली कंपनीला जुन्या गायकांच्या वह्या पुन्हा उघडाव्या लागल्या, आणि तिच्या एकटीचेच नव्हे, तर तिच्याबरोबरच्या इतरांचेही काम झाले. २०२१ साली सोनीने २००० पूर्वीच्या अनेक करारांतली जुनी बाकी यापुढे कमाईतून कापणार नाही असे जाहीर केले. पुढच्या वर्षी इतर दोघींनाही तसेच करावे लागले. ही मेहेरबानी नव्हती. २०२० च्या उन्हाळ्यात काळ्या लोकांच्या हक्कांसाठी सारा देश रस्त्यावर आला होता, त्यानंतरची ही गोष्ट आहे.

काहींनी मालकीच हाती ठेवली. न्यू ऑर्लिन्सच्या मास्टर पीने १९९६ साली वितरणापुरता करार केला आणि मूळ मुद्रणे स्वतःकडे राखली. लॉस एंजेलिसच्या निप्सी हसलने आपली मुद्रणे राखली आणि आपल्याच मोहल्ल्यात दुकान घातले. ३१ मार्च २०१९ रोजी त्याच दुकानासमोर त्याला गोळ्या घालून मारले. एकट्या माणसाने मालकी मिळविली म्हणून वस्तीची दुखणी संपत नाहीत, हेही त्यातून दिसले.

आणि उशीर किती महाग पडतो, तेही ऐका. 'डे ला सोल' या त्रयीची पहिली तबकडी १९८९ ची. तुकड्यांच्या परवानग्या आणि जुन्या कंपनीशी वाटणीचा वाद यांत त्यांची सुरुवातीची गाणी फोनवरच्या सेवांवर कित्येक वर्षे येऊच शकली नाहीत. कंपनी विकली गेली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली आणि ३ मार्च २०२३ रोजी ती गाणी आली. त्याआधी तीनच आठवडे, १२ फेब्रुवारीला, तिघांपैकी ट्रुगॉय वारला होता.

आता त्या पोराकडे येतो. त्याला मी "सही करू नकोस" असे सांगितले नाही. घरात बहिणीची फी थकली आहे. उचलीची रक्कम पाहून त्याच्या आईचे डोळे भरून आले, ते मी पाहिले आहे. उपाशी माणसाला तत्त्वज्ञान सांगायचा अधिकार मला नाही. मी त्याला तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. मूळ मुद्रण किती वर्षांनी माझ्या नावावर येणार? खर्चात काय काय धरणार, आणि त्याला माझी संमती लागणार की नाही? हिशेबाची वही मला, किंवा माझ्या माणसाला, केव्हा पाहायला मिळणार? आणि म्हटले, तुझ्यासारखी गाणारी आणखी पोरे जिल्ह्यात असतील, त्यांनाही असली पाने आली असतील. त्यांना घेऊन ये. एकट्याने विचारलेला प्रश्न कंपनीला उद्धटपणा वाटतो; दहा जणांनी विचारला की तिला उत्तराचे पत्र लिहावे लागते.

परवा तो चौघांना घेऊन आला. करारपत्र अजून कचेरीतल्या टेबलावर आहे. कंपनीचे उत्तर यायचे आहे, आणि बहिणीच्या फीसाठी आम्ही कचेरीत पेटी फिरविली आहे. ती पेटी आज बाहेर दाराशीही ठेवली आहे. जाताना आपली नजर तिच्यावर पडेलच.

माझ्या वडिलांनी अंगठा उठविला, तेव्हा कागद वाचून दाखवायला कोणी नव्हते. आज वाचणारे आपण इतके जण इथे बसलो आहोत.