मधुमेही बालक आणि आखाजीचें पान

अक्षय तृतीयेला खानदेशांत आखाजी म्हणतात. त्या दिवशीं अमळनेरच्या घरोघरीं खापरावर मांडे भाजले जातात, आमरसाचीं पातेलीं भरतात आणि सासरीं गेलेल्या लेकी माहेरीं झोक्यावर बसतात. अशा एका पंगतींत नऊ वर्षांच्या नातीला आजी रस वाढावयास जाते, तोंच आई तिचा हात धरते. मुलीला मधुमेह आहे. आजीच्या हातांतील वाटींत माया आहे आणि आईच्या धाकांतही मायाच आहे. परंतु या दोहोंमध्यें सांपडलेली मुलगी खालीं मान घालून बसते. मधुमेही बालकाच्या संगोपनाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

मधुमेह हा उतारवयांतील सुखवस्तु माणसांचा रोग, अशी समजूत आहे. बालकांना बहुधा होणारा प्रकार निराळा. त्यांत शरीराची संरक्षक शक्तिच स्वादुपिंडांतील इन्सुलीन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करते. आईनें लाडानें गोड खाऊ घातलें म्हणून तो होत नाहीं. एकाएकीं तहान वाढणें, वारंवार लघवीस जाणें, मोठें झालेलें मूल पुन्हां अंथरूण ओलें करूं लागणें, खाऊनपिऊन वाळणें, हीं लक्षणें दिसतांच त्याच दिवशीं रक्तांतील साखर तपासून घ्यावी. उलट्या, धाप आणि ग्लानि येईपर्यंत वाट पाहणें जिवावर बेततें.

शंभर वर्षांपूर्वीं असें मूल फार दिवस जगत नसे. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलीन शोधून काढलें आणि जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. तेव्हांपासून हा रोग मरणाचा न राहतां सांभाळण्याचा झाला. मात्र कोणी जडीबुटी किंवा अंगारा दिला म्हणून सुई बंद करणें म्हणजे मुलाचें अन्नच तोडणें होय.

वैशाखांत खानदेशचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. इन्सुलीनच्या न उघडलेल्या कुप्या शीतकपाटांत दोन ते आठ अंशांवर ठेवाव्या. बर्फाच्या कप्प्यांत कधींही ठेवूं नयेत. वीज गेल्यास ओल्या वाळूंत बसविलेलें मातीचें मडकें उपयोगी पडतें. कुपी मात्र आंत कोरडी राहिली पाहिजे.

कित्येक घरांत रोग लपविला जातो, आणि मुलगी असली तर अधिकच. पुढें लग्नाचें कसें, ही चिंता असते. परंतु साखर एकदम उतरून मूल घामाघूम झालें, हात कांपूं लागले, तर शेजारच्या बाकावरील मुलानें काय करावें? शिक्षकांना आणि सोबत्यांना ठाऊक असावें कीं, मूल शुद्धीवर असल्यास दोन-तीन चमचे साखर पाण्यांतून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें. शुद्ध गेली असल्यास तोंडांत कांहींएक न घालतां दवाखाना गांठावा. बोरी नदीच्या पात्रांत भरणाऱ्या सखाराम महाराजांच्या यात्रेंतही मुलाच्या खिशांत साखरेची पुडी असावी. ज्या गांवीं साने गुरुजींनीं छात्रालयांतील मुलांची आईच्या मायेनें सेवा केली, त्या गांवच्या शिक्षकांना ही गोष्ट विश्वासानें सांगतां येईल.

आणखी एक. तपासणींत आंकडा वाढलेला दिसतांच रागावूं नये. रागाच्या भयानें मुलें आंकडा लपवूं लागतात, मग सुईचें प्रमाण ठरवावयाचें कशावर? काय खाल्लें, किती खेळलें, एवढेंच शांतपणें विचारावें.

आणि तें आखाजीचें पान? डॉक्टरांच्या सल्ल्यानें मोजून घेतलेला, वरून साखर न घातलेला थोडा रस, लहानसा मांडा आणि त्या हिशेबानें इन्सुलीन, एवढी सोय आज होऊं शकते. तें मोजमाप आजीलाही शिकवावें. पुढच्या आखाजीला वाटी तिच्याच हातानें वाढली जाईल आणि आईला मध्येंच हात धरावा लागणार नाहीं.