बारा महिने फुलं

फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बदली. लावलेल्या रोपाचं फूल बहुधा पुढच्या साहेबाच्या वाट्याला. आता चंडीगडला कायमचा मुक्काम आहे, तेव्हा सगळे ऋतू माझेच.

ऑक्टोबरात पिटुनिया, पँझी, डॉग फ्लॉवर लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगण भरतं. त्याच सुमारास सेक्टर 16 मध्ये, 1967 साली उभ्या राहिलेल्या झाकीर हुसेन गुलाब उद्यानात गुलाबांचा उत्सव असतो. मे-जूनच्या लूमध्ये घरी मोगरा आणि रस्त्यावर अमलतास, म्हणजे आपला बहावा. पावसाळ्यात गणपतीसाठी जास्वंद.

डिसेंबर शेवंतीचा. तिला लांब, अंधारी रात्र लागते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडला, तर कळ्या धरायला उशीर होतो. कुंडी अंधाऱ्या बाजूला ठेवा, कळ्या उमलू लागल्या की खुशाल बैठकीत आणा. बाहेर धुकं, आत पिवळाधमक उजेड!

निवृत्तीनंतर हुकूम देणारं कोणी नसतं. दिवस सैल पडतात. म्हणून सांगतो, पुढच्या मोसमाचं बी आजच आणून ठेवा. बी घरात असलं, की माणसाला हजर राहावंच लागतं.