संगणकाची फुंकणी

चूल पेटवितांना गृहिणी फुंकणी कां घेई? तोंडानें नुसतें फुंकलें असतां वारा वाटेंतच चहूंकडे पसरतो. नळींतून फुंकला म्हणजे तोच वारा नेमका निखाऱ्यावर जाऊन पडतो. हीच युक्ति उलट हेतूनें, म्हणजे थंडाव्यासाठीं, घरच्या संगणकास लागू पडते.

संगणकाच्या पेटींत प्रोसेसरच्या माथ्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा व त्यावर पंखा असतो. परंतु हा पंखा हवा ओढतो ती पेटींतलीच, इतर भागांनीं आधींच तापविलेली. अशा हवेनें प्रोसेसर कितीसा निवणार? तो फार तापला म्हणजे स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करितो, आणि घरांत 'यंत्र जुनें झालें, नवें घ्या' अशी बोलणीं सुरू होतात. पुष्कळदां दोष यंत्राच्या वयाचा नसून वाऱ्याच्या वाटेचा असतो.

२००४ सालीं इंटेल कंपनीचे कांहीं पेंटियम ४ प्रोसेसर १०० वॅटहून अधिक उष्णता टाकूं लागले. खोलींत ३५ अंश उष्मा असतां पंख्याच्या तोंडाशीं येणारी हवा ३८ अंशांवर जाऊं नये, असा दंडक त्या सुमारास कंपनीनें पेट्या बनविणारांस सांगितला, व त्यासाठीं पेटीच्या बाजूनें पंख्यापर्यंत नळी आणण्याची योजना सुचविली.

अशी नळी घरींही करितां येते. प्रथम वीज तोडून धूळ झाडावी. कित्येकदां तेवढ्यानेंच भागतें. बाजूच्या झांकणास पंख्यासमोर जाळी असल्यास तेथपर्यंतचें अंतर मोजून पुठ्ठ्याची सरळ नळी करावी. तिचें तोंड पंख्याहून अरुंद नसावें. कारण १०० वॅट उष्णता नेतांना हवा १० अंशांहून अधिक तापूं नये, तर दर सेकंदास सुमारें ९ लिटर हवा लागते. नळी झांकणालाच पक्की बसवावी व पंख्यापासून बोटभर अंतरावर थांबवावी. धातूचा पत्रा वापरूं नये. तो सुटून विजेच्या जोडण्यांवर पडल्यास यंत्रच जळावयाचें. ऊन हवा बाहेर टाकणारा मागचा पंखाही चालू हवा.

खोलीच्या हवेहून अधिक गारवा ही नळी देऊं शकत नाहीं. म्हणून नळीपूर्वीं व नळीनंतर यंत्रास तेंच काम अर्धा तास देऊन प्रोसेसरचें तपमान टिपावें. फरक न पडल्यास नळी काढून ठेवावी. नव्या यंत्राचा खर्च काढावयाचा तो या मोजणीनंतर.