निजलेली राजदूत जागी करताना



आपल्या जळगाव-धुळ्याच्या बाजूला एखाद्या जुन्या गोठ्यात डोकावून पाहा. कडब्याच्या पेंढ्यांआड, मोडक्या वखराशेजारी, गोणपाटाखाली झाकलेली राजदूत पुष्कळदा सापडते. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्यात ही गाडी १९६२ च्या सुमारास होऊ लागली. मूळ नमुना पोलंडचा. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकवून कच्च्या रस्त्याने ही गाडी वर्षानुवर्षे धावली. पुढे हलक्या गाड्या आल्या आणि ती कोपऱ्यात गेली. आता नातवंडांना ती पुन्हा चालवावीशी वाटते, हे चांगलेच आहे. पण ती जागी करायची कशी, ते आज पाहू.

आधी माझी फजिती सांगतो. पारोळ्याकडे माझ्या मामांची राजदूत अकरा वर्षे खळ्यात उभी होती. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो, टाकीत पेट्रोल ओतले आणि लागलो किक मारायला. किक दगडासारखी घट्ट. मामा खाटेवरून म्हणाले, "इतली घाई कसाले करी रायना?" मी कुठला ऐकतो! किकवर उभा राहून सगळ्या अंगाचा भार टाकला. आत 'कट्' झाले. पिस्टनची रिंग तुटली आणि सिलिंडरला चरा पडला. अकरा वर्षांत जे बिघडले नव्हते, ते मी पाच मिनिटांत बिघडवले. मामा काही बोलले नाहीत, उठून आत गेले.

तेव्हा पहिल्या दिवशी किकला पाय लावूच नका. आत काय होते ते समजून घ्या. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर लोखंडाचा. चार पावसाळ्यांची ओल आत शिरली की लोखंड गंजते, जुने तेल डिंकासारखे सुकते आणि रिंगा जागच्या जागी धरतात. म्हणून प्लगभोवतीची धूळ फुंकून काढा, मग प्लग काढा. भोकातून डिझेल आणि टू-टी तेलाचे मिश्रण चमचाभर सोडा. रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडा. मग वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हलकेच पुढे-मागे झुलवा. पाळणा हलवतो तसे. बोटभर हलले तरी समजा काम झाले. उद्या आणखी हलेल. चार दिवसांत नाहीच हलले, तर सिलिंडर खोलायला मिस्त्रीला बोलवा. हातोडी मात्र आणू नका.

इंजिन मोकळे झाले की टाकीकडे वळा. झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलऐवजी जुन्या वार्निशासारखा वास आला तर ते पेट्रोल काढून टाका. नव्यात मिसळून खपवायचा मोह होतो, पण तो महागात पडतो. आत गंज असेल तर टाकी उतरवा, मूठभर नट-बोल्ट आणि थोडे डिझेल घालून खळखळा हलवा, आणि नट मोजून बाहेर काढा. पातळ गंजाला आपला चिंचेचा कोळही चालतो, पण त्याआधी डिझेल साबणाच्या पाण्याने पुरते धुऊन काढावे लागते. कोळानंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. वैशाखातल्या आपल्या उन्हाचा एवढा एक उपयोग! टाकीला भोक असेल तर घरी झाळू नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते, आणि ती बाँबसारखी फुटते.

कार्बोरेटरचे जेट बारीक असतात. ते फुंकून किंवा हवेने साफ करा. तारेने खुपसले तर भोक मोठे होते. हवेची जाळी आणि सायलेन्सरही बघा. उंदरांनी घर केलेले असते, नाहीतर कुंभारीण माशीने मातीची कोठी बांधलेली असते. सायलेन्सर बुजलेला असेल तर प्लग, पेट्रोल सगळे ठीक असूनही गाडी गुदमरते, आणि माणूस दिवसभर प्लगच पुसत बसतो.

जुने रबरी नळ बदलाच. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. ते उसापासून आणि धान्यापासून होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती चांगली गोष्ट, पण जुन्या रबराला ते मानवत नाही, शिवाय ते पाणी ओढून घेते. राजदूतसारख्या गाडीला पेट्रोलात तेल मिसळायला विसरू नका. मी लिटरला सुमारे चाळीस मिलिलिटर घालतो. बुलेटची गोष्ट वेगळी. तिचे तेल इंजिनात निराळे असते, ते बदलून घ्या.

आता ठिणगी. प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या धातूला टेकवा, पेट्रोल दूर ठेवा, आणि आता हलकी किक मारा. निळसर ठिणगी दिसली तर उत्तम. न दिसली तर पॉइंटांवर काट चढलेला असतो. बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि फट सुमारे चार दशांश मिलिमीटर ठेवा. तरीही ठिणगी नसेल तर कंडेन्सरवर संशय घ्या.

गाडी सुरू झाली की पांढरा धूर येईल. घाबरू नका, आत ओतलेले तेल जळते आहे. पंधरा-वीस मिनिटांनी थांबला नाही तर क्रँकचे सील कडक झाले, हे मिस्त्रीचे काम. आणि रेस आपोआप वाढतच गेली तर चावी बंद करा; तरी थांबली नाही तर चोक लावून गळा आवळा.

मामांच्या गाडीचा सिलिंडर जळगावला बोअर करून आणला, वरच्या मापाचा पिस्टन घातला. तिसऱ्या किकला ती सुरू झाली. मी बसणार, तोच मामांनी हँडल धरले. आधी ब्रेकचे लायनर उघडून दाखव, म्हणाले. दाखवले, तर मागचा लायनर सुटून ड्रममध्ये पडलेला! टायरनाही बाजूने भेगा होत्या. आणखी आठ दिवस गेले, मग मामांनीच पहिली फेरी मारली आणि मला मागे बसवले.

कागदांचे राहिले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. विमा, धुराचा दाखला आणि पर्यावरण कर हेही त्यात येते. परिवहन कार्यालयात जाण्याआधी चासीसवरचा आकडा डिझेलच्या चिंधीने पुसून ठेवा. तिथे पॉलिश पेपर मुळीच घासू नका. आकडा पुसट झाला तर नीट चालणारी गाडीही परत पाठवतात. आमचा आकडा ग्रीसखाली लपला होता, तो सापडायला अख्खी दुपार गेली.